टप कापल्यावर 1950 ची मर्क्युरी बोजड दिसते, आणखी कापू का?

नको, सगळीकडून उंची आणखी कमी करू नका. या जुन्या अमेरिकन मोटारीचे छताचे खांब कापून टप सगळीकडून सारखा चार इंच खाली घेतल्यावर गाडी फुगल्यासारखी दिसते, म्हणून अजून दोन इंच काढायचा तुमचा विचार आहे. पण बोजडपणा काचेच्या खाली आहे. 1949 ते 1951 च्या मर्क्युरीच्या बाजू मुळातच भरदार आणि गोलसर. काचांची उंची घटली की तोच पत्रा डोळ्याला जास्त जाड वाटतो. अजून कापलंत तर खिडक्यांच्या नुसत्या फटी उरतील.

आधी गाडीचा बाजूने फोटो काढा. जवळून मोबाइलने काढू नका, त्यात मधला भाग फुगतो आणि टोकं बारीक होतात. पंधरा-वीस मीटर मागे जा, कॅमेरा दाराच्या मध्यावर धरा आणि झूम करा. फोटो मोठा छापून घ्या, कात्रीने कापा, तुकडे खाली-वर सरकवून बघा. हे करायचा कंटाळा करू नका. पत्र्यावर ग्राइंडर चालवल्यावर मागे फिरता येत नाही.

त्या फोटोत सगळ्यात आधी मागचा उतार तपासा. गाड्यांचं रूप बदलून देणारे अमेरिकन भाऊ सॅम आणि जॉर्ज बॅरिस यांनी 1952 मध्ये बॉब हिरोहाटा या ग्राहकासाठी बनवलेली 1951 ची मर्क्युरी बघितली असेलच. तिचा टप पुढे चार इंच, पण मागे सात इंच खाली आणलाय. म्हणून तो काचेपासून डिकीपर्यंत सलग घसरत जातो. तुमचा सारखाच कापलाय, त्यामुळे मागे कुबड दिसत असणार. माझ्या मते तुमची अर्धी तक्रार तिथेच आहे. म्हणजे काम फक्त टपाच्या मागच्या खांबांवर करायचं, पुढच्या काचेला धक्का लावायचा नाही. मागची काच टफन्ड (उष्णतेने कडक केलेली) असेल तर ती कापता येत नाही, चुरा होतो. तिला जास्त तिरकी बसवून उंची जमवा.

राहिला खालचा पत्रा. पूर्ण बॉडीतून आडवी पट्टी काढणं हा खरा उपाय, पण तो फार मोठा आहे. त्याच काळातल्या फोर्डच्या बाजू सपाट, तिथे वरची-खालची कड जुळते. मर्क्युरीच्या गोलाईत जुळत नाही. शिवाय दारात काच उतरायला जागा कमी पडते, कुलपं आणि बिजागऱ्या हलवाव्या लागतात, बोनेटखाली रेडिएटर आणि एअर क्लीनर अडतात. अनुभवी पत्रेकाम करणारा सोबत नसेल तर यात पडू नका. बॉडी चॅसिसवर (खालच्या सांगाड्यावर) खाली उतरवणंही तुमच्यासाठी नाही. टप आधीच खाली आलाय, त्यात फरशी वर आली तर बसल्यावर डोकं आपटेल.

त्यापेक्षा सस्पेन्शन खाली घ्या, मागची चाकं स्कर्टने (मडगार्डच्या पोकळीवर बसणाऱ्या झाकणाने) झाका आणि बाजूला उतरती क्रोमपट्टी लावून तिच्या खाली गडद रंग द्या. हिरोहाटाच्या गाडीवर ब्युइक गाडीची क्रोमपट्टी आणि दोन हिरव्या छटा आहेत, त्यांनी नेमका बाजूचा जाडपणा मोडलाय. सुरुवात सस्पेन्शनपासून करा, ते पुन्हा पूर्ववत करता येतं. खाली घेतल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर मडगार्डला घासत नाही ना, तेवढं बघा.