वाचकांचे प्रश्न : माउसविना फाइल निवडताना

प्रश्न : मी घाटंजी तालुक्यातील (जि. यवतमाळ) एका गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवते. खरिपाच्या पीकविम्याच्या दिवसांत शेतकऱ्यांचे सातबारे, आधार कार्डे आणि बँक पासबुके स्कॅन होऊन एकाच फोल्डरमध्ये साठत जातात व सायंकाळी ती गावनिहाय वेगळी करावी लागतात. माउसने निवडताना हात हलला की आधीची सगळी निवड निघून जाते, आणि एकदा तर निवडलेल्या फाइलींच्या दुसऱ्या प्रती तयार झाल्या. संगणकावर विंडोज आहे. हे काम कीबोर्डवरून नीट होईल काय?

उत्तर : होईल, आणि आपल्यासारख्या कामात ते कीबोर्डवरूनच करावे असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या दोन्ही अडचणींचे मूळ कंट्रोलच्या बटणात आहे. ते न दाबता कुठेही क्लिक झाले की जुनी निवड पुसली जाते. आणि ते दाबलेले असताना माउस किंचित ओढला गेला, तर विंडोज त्याचा अर्थ ‘प्रत काढा’ असा घेते. अशा प्रती तयार झाल्याच तर लगेच कंट्रोल आणि झेड दाबावे.

कीबोर्डवरून निवडताना एक भेद मनात पक्का हवा. आपण ज्या फाइलवर उभ्या आहात ती दाखवणारी बारीक चौकट वेगळी आणि फाइल निवडली गेल्याचा रंग वेगळा. नुसता बाण दाबला की दोन्ही एकत्र सरकतात, शिफ्टसह बाण दाबला की वाटेतल्या सगळ्या फाइली निवडल्या जातात, आणि कंट्रोलसह बाण दाबला की केवळ चौकट पुढे जाते, निवड जागेवरच राहते. चौकट हव्या त्या फाइलवर पोहोचल्यावर कंट्रोल न सोडता स्पेसबार दाबला, की ती फाइल निवडीत येते. आधीच निवडलेली असेल तर बाहेर पडते. विखुरलेल्या फाइली गोळा करण्याची सारी किल्ली एवढीच आहे.

मात्र फाइली विखुरलेल्या राहूच नयेत, हे त्याहून बरे. स्कॅन करतानाच नावाच्या सुरुवातीला गाव आणि मग शेतकऱ्याचे नाव लिहावे, कंट्रोल, शिफ्ट आणि ६ दाबून तपशीलवार यादी उघडावी व ती नावानुसार लावावी, म्हणजे, समजा, पारवा गावाचे सर्व कागद एकाखाली एक येतात. मग ‘पार’ ही अक्षरे भराभर टाइप केली की चौकट त्यांतल्या पहिल्या फाइलवर जाते (नावे मराठीत असतील तर आधी विंडोज आणि स्पेसबार दाबून मराठी कीबोर्ड निवडावा), आणि तेथून शिफ्टसह खालचा बाण दाबत शेवटच्या फाइलपर्यंत जाता येते. हे टाइप करणे निवडीच्या आरंभीच करावे, कारण त्याने आधीची निवड सुटते. यादीच्या टोकापर्यंतचे सगळे हवे असल्यास शिफ्ट आणि एंड, तर पूर्ण फोल्डरसाठी कंट्रोल आणि ए पुरेसे आहे.

निवड चुकून सुटली तर कंट्रोल आणि झेड दाबू नये. त्याने निवड परत येत नाही. उलट त्याआधी केलेले फाइल हलवण्याचे किंवा नाव बदलण्याचे काम मात्र उलटते, आणि ते लक्षातही येत नाही.

निवड झाल्यावर खिडकीच्या तळाशी निवडलेल्या फाइलींची संख्या दिसते. ती आपल्या नोंदवहीशी ताडून पाहूनच पुढे जावे. पेनड्राइव्हवर देताना कट करण्याऐवजी कंट्रोल आणि सी वापरून प्रत द्यावी, ती उघडून पाहावी आणि मगच मूळ फाइल काढावी. मध्येच वीज गेली तरी सातबारा आपल्याकडे राहतो. पेनड्राइव्हवरून डिलीट केलेली फाइल सहसा रिसायकल बिनमध्ये जात नाही, म्हणून तेथे अधिक जपावे. शिवाय पंधरापेक्षा जास्त फाइली एकदम निवडल्या, तर उजव्या क्लिकच्या यादीतून प्रिंटचा पर्याय नाहीसा होतो. हा यंत्रातील बिघाड नव्हे. पंधरा-पंधराचे गट करून प्रिंट द्यावी.

प्रश्न : धारणी तालुक्यातील (जि. अमरावती) आमच्या शाळेतील संगणकांवर विंडोजऐवजी उबंटू ही संगणकप्रणाली आहे. तेथेही हीच बटणे चालतात का?

उत्तर : कंट्रोल आणि ए, तसेच शिफ्टसह बाण, तेथेही चालतात. त्याशिवाय उबंटूच्या ‘फाइल्स’ या फोल्डर पाहण्याच्या खिडकीत कंट्रोल आणि एस दाबले की एक चौकोन उघडतो, त्यात तारकाचिन्ह, टिंब आणि जेपीजी असे लिहिल्यास त्या फोल्डरमधील तशा शेवटाची सर्व छायाचित्रे एकदम निवडली जातात. कंट्रोल, शिफ्ट आणि आय दाबल्यास निवड उलटते, म्हणजे छायाचित्रे सोडून बाकीचे सर्व निवडले जाते. शाळेच्या कार्यक्रमांचे फोटो आणि कार्यालयीन कागद वेगळे करण्यास ही जोडी फार उपयोगी आहे. फरक लक्षात ठेवावा तो एवढाच, की येथे अक्षरे टाइप केल्यावर चौकट त्या फाइलवर जात नाही, थेट शोध सुरू होतो. तो एस्केप दाबून बंद करता येतो.