टेकू काढायची घाई करू नकोस

प्रिय,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. ‘सहा महिने होत आले सर, तरी डावं पाऊल वर उचलत नाही. माझं काही चुकतंय का?’ फोनवर बोलायला गेलो असतो तर माझाच आवाज दाटला असता, म्हणून सकाळी लिहायला बसलो.

तुझं काहीही चुकलेलं नाही. २०२५च्या जानेवारीपासून पुढच्या काही आठवड्यांत पुणे परिसरात २००हून जास्त माणसांना जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम हा नसांचा आजार, झाला असावा असं नोंदलं गेलं. त्यातली कितीतरी माणसं किरकटवाडी, नांदेड, धायरी या तुमच्याच पट्ट्यातली होती. आधी जुलाब, मग थोड्याच दिवसांत पायांतली ताकद गेली. पोटात गेलेल्या जंतूशी लढायला शरीराने जी फौज उभी केली, ती नसांनाही शत्रू समजली. त्यात तुझा काय दोष?

तुझ्या नर्व्ह कंडक्शनच्या, म्हणजे नसांतून संदेश कसा जातो त्या तपासणीच्या, रिपोर्टवर ‘अ‍ॅक्सोनल’ लिहिलंय, म्हणजे नसेच्या आतल्या तारेला इजा झालीय. ते नीट समजून घे. नसेवरचं नुसतं आवरण गेलं असेल, तर ते काही आठवड्यांत, काही महिन्यांत पुन्हा चढतं. आतली तारच तुटली असेल, तर ती तुटल्या जागेपासून पुढे नव्याने वाढत जाते, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. नेमकी कुठे तुटलीय ते डॉक्टर सांगतील. पण समज, गुडघ्याजवळ तुटली असेल आणि पावलापर्यंत ४० सेंटीमीटर जायचं असेल, तर ४०० दिवस झाले. हे गणित मी तुला घाबरवायला मांडत नाही. सहा महिन्यांत पाऊल न उचलणं म्हणजे हरणं नव्हे, हे तुला आकड्यात दिसावं म्हणून मांडतोय. तू इंजिनिअर आहेस, आकड्यावर तुझा विश्वास बसेल.

आठवतं, तुझ्या पहिल्या साइटवर कंत्राटदार नवव्या दिवशीच स्लॅबचे टेकू काढायला निघाला होता? गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, साडेचार मीटरच्या वर, म्हणून टेकू १४ दिवस ठेवायचे होते. तू त्याच्यासमोर उभी राहून म्हणालीस, ‘१४ दिवस म्हणजे १४ दिवस.’ वरून तो स्लॅब अगदी तयार दिसत होता. त्या दिवशी मला तुझा फार अभिमान वाटला होता.

मला स्वतःला मात्र हे जमलं नव्हतं. १९९८ साली, ३९ वर्षांचा असताना, मलाही हाच आजार झाला. १९ दिवस व्हेंटिलेटरवर काढले. डोळे उघडे, सगळं ऐकू येतंय, आणि नाकावरची माशी हाकलायला बोट हलत नाही. ते दिवस तुला सांगायला नकोत. घरी आल्यावर चौथ्या महिन्यात जरा चालायला लागलो आणि कुणालाही न विचारता साइटवर गेलो. तीन मजले चढलो. लोकांनी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात धरवेना. कमावलेलं परत मिळवायला सहा आठवडे गेले. फिजिओ शांतपणे म्हणाल्या, ‘तुम्ही दमल्यावर थांबता. तोपर्यंत उशीर झालेला असतो.’

त्या वाक्याचा अर्थ मला वारीत कळला. पुढे बरा झाल्यावर पालखीबरोबर पुणे ते सासवड चाललो, दिवेघाटासकट. तिथे विसाव्याच्या जागा आधीच ठरलेल्या असतात. कुणाचे पाय दुखले म्हणून विसावा येत नाही. पाय अजून चालू शकत असतात, तरी पालखी टेकते. तू तसंच कर. दहा मिनिटं चालवत असेल तर सहाव्या मिनिटाला खुर्चीत बस. आंघोळ झाली की लगेच केस विंचरायला उभी राहू नकोस, मध्ये पाठ टेक. स्वयंपाकघरात स्टूल ठेव. आई म्हणतील ‘मी करते’, तर करू दे त्यांना. फिजिओचे व्यायाम मात्र एकही दिवस चुकवायचे नाहीत; हळू जाणं म्हणजे पडून राहणं नव्हे. पायाची स्प्लिंट, पावलाला आधार देणारी ती पट्टी, लोक बघतात म्हणून काढून ठेवतेस असं तुझा भाऊ म्हणाला. ती तुझा टेकू आहे, लाव.

आणखी एक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. ताकद परतल्यावरही थकवा मागे राहतो, कधी कधी वर्षानुवर्षं. तू नीट चालू लागशील, ऑफिसात सगळे म्हणतील ‘अगदी पहिल्यासारखी दिसतेस’, आणि दुपारी तीन वाजता तुझ्या अंगातून कुणी बूच काढल्यासारखं होईल. ते दिवस मला व्हेंटिलेटरपेक्षा जड गेले, कारण दाखवायला काहीच नव्हतं. तेव्हा स्पष्ट बोलायचं: मी आता बसते, अर्ध्या तासाने येते. माझ्याकडे परत येशील तेव्हा सुरुवात अर्ध्या दिवसाने करायची. पगाराचं मी बघतो, त्यावर वाद नको.

दमल्यावर मुंग्या आल्या की रात्री तुला भीती वाटते, ते साहजिक आहे. हा आजार उलटण्याची शक्यता कमी असते. पण अशक्तपणा दिवसागणिक वर सरकतोय, गिळायला किंवा श्वासाला त्रास होतोय असं वाटलं, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

१९१६ साली युद्धात या आजाराची नोंद ज्या फ्रेंच डॉक्टरांनी केली, त्यांच्यासमोर दोन सैनिक होते. दोघेही बरे होत गेले. मी आयसीयूतून बाहेर आल्यावर कितीतरी रात्री त्या दोघांचा विचार केला. ते घरी परतल्यावर पहिल्यांदा कुठवर चालले असतील?

दिवाळीत सिंहगड चढायचा म्हणतेस. रविवारी सकाळी मी गाडी घेऊन येतो. आतकरवाडीला, वाट सुरू होते तिथे जाऊ. चढायचं नाही. खुर्च्या मी आणतो. बसून लिंबू सरबत पिऊ, वर जाणाऱ्यांना बघू, आणि तुला उन्हाचा त्रास व्हायच्या आधी परत फिरू. स्प्लिंट लावून ये.

तुझा,
सर