पुण्याजवळच्या डोंगरात धावायला सुरुवात करायची आहे. आधी के-टू-एस (कात्रज ते सिंहगड) करू की राजगड-तोरणा?

तुम्ही लिहिलंय की रस्त्यावर हाफ मॅरेथॉन दोन तासांच्या आत होते, पुण्यात येऊन चार महिने झालेत आणि आता डोंगर खुणावतोय. माझं सरळ उत्तर: दोन्ही नको. निदान पहिले दोन महिने तरी नको. आधी सिंहगडाची आतकरवाडीची पायवाट धरा. तीही चढण्यासाठी नाही, उतरायला शिकण्यासाठी.

मी धायरीत राहते, वय ४७. गेली नऊ वर्षं माझे बहुतेक रविवार या वाटेवर गेलेत. वेगवान मुळीच नाही. माझ्यापुढे कॉलेजची पोरं सटासट निघून जातात. पण पडून, वाट चुकून आणि एकदा पाण्यावाचून तडफडून जे कळलं ते सांगते.

पहिलं म्हणजे किलोमीटर डोक्यातून काढून टाका. पायथ्यापासून पुणे दरवाजा जेमतेम पावणेतीन किलोमीटर. रस्त्यावर तुम्ही हे अंतर पाव तासात संपवाल. पण इथे तेवढ्यात साधारण ६०० मीटर चढायचं असतं. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली एक साधा हिशोब मांडला होता: दर तीन मैलांना एक तास, आणि दर २००० फूट चढाला आणखी एक तास. २००० फूट म्हणजे जवळजवळ आपला सिंहगडच. या हिशोबानं चालत जाणाऱ्याला दीड तास लागतो. रोजचे चढणारे याच्या निम्म्याहून कमी वेळात वर असतात. तुम्हाला पहिल्या खेपेला तास लागला तरी मनाला लावून घेऊ नका.

मी मात्र पहिल्या दिवशी मनाला लावून घेतलं होतं. गाडी लावली, बुटाच्या नाड्या आवळल्या आणि धावत सुटले. वस्ती संपून खरा चढ लागतो तिथेच छातीचा भाता झाला. वाकून उभी होते, तेवढ्यात एक मावशी बाजूनं गेल्या. नऊवारी, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर ताकाचा भरलेला कॅन, पायात साध्या चपला. मी पुन्हा धावले, त्यांना मागे टाकलं, पुन्हा थांबले. पुन्हा त्या पुढे. तिसऱ्यांदा गाठ पडली तेव्हा न थांबताच म्हणाल्या, "अवो ताई, पळू नगा, चालत ऱ्हावा. गड कुटं पळून चाललाय व्हय?" देवटाक्यापाशी मी पोचले तेव्हा त्यांचं दुकान मांडून झालं होतं आणि पहिला ग्लास त्यांनी मलाच दिला. पैसे घेतलेच, ते वेगळं.

तेव्हापासून चढावर मी चालते. डोंगरात धावणारे बहुतेक सगळेच उभ्या चढावर चालतात, त्यात कमीपणा नाही. पावलं आखूड, लय एकच, फारच उभं असेल तर हाताचे तळवे मांड्यांवर रेटायचे. धावायचं ते सपाटीला आणि उतारावर. आणि रस्त्यावरून येणारा माणूस फसतो तो उतारावरच.

उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलत असतात, ब्रेकसारखे. सपाट रस्त्यावर या स्नायूंना असं काम फारसं पडत नाही. म्हणून पहिल्यांदा गड पळत उतरलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उलटा उतरताना दिसतो. चांगली गोष्ट अशी की हेच थोडं थोडं दोन-तीनदा झालं की स्नायू सरावतात, मग एवढं दुखत नाही. म्हणून म्हणते, आठ-दहा खेपा आधी इथेच करा. इथे माणसं आहेत, मोबाईलला रेंज आहे, पाय मुरगळला तर उचलून न्यायला कोणीतरी आहे.

उतरताना शरीर मागे टाकू नका. भीतीनं सगळे मागे झुकतात, मग टाच पुढे पडते, टाच घसरते आणि आपण बसतो. पावलं लहान आणि भराभर टाका. नजर पायाच्या अंगठ्यावर नको, चार-पाच पावलं पुढे हवी. घसारा लागला, म्हणजे सुटा मुरूम आणि बारीक खडे, तर ब्रेक मारू नका. पाय थोडा घसरणारच, त्याला घसरू द्या आणि दुसरा टाका. आतकरवाडीच्या वाटेवर मात्र घसाऱ्यापेक्षा दगड जास्त वाईट. इतक्या माणसांच्या पायांनी ते गुळगुळीत झालेत, आणि पावसाळ्यात त्यांच्यावर चिखलाचा पातळ थर बसला की तिथे शहाण्यानं धावू नये. साडेसहाच्या आत चढायला लागा. नऊनंतर रविवारी ही वाट म्हणजे लक्ष्मी रोड होतो, पोरंटोरं आणि काकडीच्या पाट्या चुकवत काय धावणार! गर्दी नको असेल तर गडाच्या दुसऱ्या अंगाला कल्याण गावातून कल्याण दरवाजाला येणारी वाट आहे, ती बरीच निवांत असते.

आठवड्याच्या मधल्या दिवसांसाठी वेताळ टेकडी आहेच. शहरातली सगळ्यात उंच जागा, समुद्रसपाटीपासून ८०० मीटर, खाणीभोवती हव्या तितक्या फेऱ्या मारा. मोरांचा आवाज ऐकायला मिळतो. याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही, पण पाय तयार होतात ते इथेच.

आता तुमचं के-टू-एस. कात्रजच्या जुन्या बोगद्याजवळून, वाघजाईच्या बाजूनं वर चढायचं आणि टेकड्यांमागून टेकड्या ओलांडत पश्चिमेला सिंहगडाच्या घाटरस्त्यावर निघायचं. लोक तेरा टेकड्या म्हणतात. मी एकदा बारा मोजल्या, एकदा पंधरा. शेवटच्या तीन-चारांना मोजायचं भान कोणाला असतं! अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास. उजव्या हाताला पुणं आणि डाव्या हाताला खेड-शिवापूरचा हायवे दिसत राहतो, म्हणून वाट हरवण्याची भीती कमी. पण पाणी नाही. एक थेंब नाही. सावलीही जवळजवळ नाही. आणि प्रत्येक टेकडीचा उतार म्हणजे घसारा, वर वाळलेलं गवत. माझी फजिती इथेच झाली. मार्चमध्ये दीड लिटर पाणी घेऊन गेले, "चार तासांचंच तर काम" म्हणून. नवव्या टेकडीवर बाटली संपली आणि पुढचे दोन तास मी घशात काटे घेऊन चालले, धावण्याचा प्रश्नच नव्हता. आता अगदी थंडीतही तीन लिटर नेते, सोबत मीठ-साखर-लिंबू. पौर्णिमेच्या रात्री इथे गटच्या गट असतात. त्या रात्री धावायला जाऊ नका, उतारांवर रांगा लागतात. आणि रात्री असो वा दिवसा, एकट्यानं जाऊ नका. या पट्ट्यात ट्रेकर्सना लुबाडल्याचे प्रकार घडलेले आहेत.

राजगड-तोरणा ही मात्र वेगळीच गोष्ट. माझ्या मते पुण्याजवळची सगळ्यात देखणी डोंगरधार. गुंजवण्यातून चोर दरवाजानं पद्मावती माचीवर चढायचं, संजीवनी माचीवरून अळू दरवाजानं बाहेर पडायचं, मग धारेवरून चालत-धावत खिंडीत भुतोंड्याकडे जाणारा डांबरी रस्ता ओलांडायचा, पुन्हा चढून बुधला माचीवरून तोरण्यात शिरायचं आणि बिनी दरवाजानं वेल्ह्यात उतरायचं. गडापासून गडापर्यंतच अकरा-बारा किलोमीटर, वर एका बाजूची चढाई आणि दुसऱ्या बाजूची उतराई. तोरणा १४०० मीटरच्या वर जातो. तुमची हाफ मॅरेथॉन दोन तासांत होत असली तरी इथे पूर्ण दिवस हाताशी ठेवा.

गडांवर धावू नका, एवढी माझी विनंती. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात आपले बारा किल्ले गेले, त्यात राजगड आहे. आता शनिवार-रविवारी चोर दरवाजाच्या अरुंद पायऱ्यांवर माणसांची रीघ असते. तिथे रेलिंग धरून घाबरत उतरणाऱ्या आजीला धक्का मारून तुमचं घड्याळ काही सोन्याचं होणार नाही. माचीच्या बाहेर पडलात की मग काय धावायचं ते धावा.

या धारेवर मी चुकले ती सप्टेंबरात. डांबरी रस्ता ओलांडून वर आले तर धुकं इतकं की पुढची मैत्रीण फक्त तिच्या लाल सॅकवरून कळत होती. डावीकडे एक रुंद, छान मळलेली वाट उतरत होती. आम्ही उड्या मारत निघालो. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर कारवी, पानांचं पाणी बाह्यांमधून आत. पंचवीस मिनिटांनी लक्षात आलं की वाटेत शेण पुष्कळ आहे, पण बुटाचा ठसा एकही नाही. ढोरवाट होती. एका पाणवठ्यापाशी संपली आणि तिथे इरलं पांघरून बसलेल्या गुराख्यानं आम्हाला खालून वरपर्यंत न्याहाळत विचारलं, "तोरन्याला जायचंय? मंग हिकडं काय करताय?" परत चढून धारेला लागेपर्यंत तास गेला. म्हणून सांगते, या मार्गाची मुख्य वाट फार वेळ धार सोडत नाही. तुम्ही सलग खाली उतरताय असं वाटलं तर थांबा. चॉकलेटचे कागद दिसत असतील तर बहुधा बरोबर आहात, आपलं दुर्दैव दुसरं काय! आणि जीपीएसचा ट्रॅक आधीच मोबाईलमध्ये उतरवून ठेवा, मध्ये रेंज जाते.

ऋतूचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात सगळं सुंदर दिसतं, म्हणूनच माणूस घसरतो. मार्चनंतर ऊन, वणवे, आणि कड्यांवर आग्या मोहोळ. मोहोळाच्या आसपास सेंट, धूर, आरडाओरडा काहीच नको.

बुटांवर लगेच दहा हजार घालू नका. तळाला खोल खाचा असलेला आणि बोटांना अर्धा इंच जागा सोडणारा कुठलाही बूट चालेल. ती अर्धा इंच जागा विसरलात तर उतारावर अंगठ्याचं नख काळं पडतं. माझी दोन गेली आहेत. पिशवीत शिट्टी, हेडलॅम्प, क्रेप बँडेज आणि राजगिऱ्याचे लाडू. एनर्जी जेलची पाकिटं मला परवडत नाहीत आणि आवडतही नाहीत.

शर्यतीबद्दलही विचारलंय तुम्ही. साताऱ्याची हिल मॅरेथॉन चांगली आहे, पण ती यवतेश्वरच्या डांबरी घाटाची. चढाची सवय होईल, घसाऱ्याची नाही. सिंहगड, राजगड, तोरणा जोडणारी पन्नास किलोमीटरच्या वरची शर्यत हिवाळ्यात असते, तिच्यात लहान अंतरंही असतात. यंदा लहान अंतर करा.

राजगड-तोरण्याला स्वतःची गाडी नेऊ नका, हे सांगायचं राहिलंच. गाडी राहते गुंजवण्यात आणि तुम्ही उतरता वेल्ह्यात, अंधार पडायच्या बेतात, पाय गळालेले. तिथून मार्गासनीपर्यंत वडाप मिळतं, पण मार्गासनीहून साखरमार्गे गुंजवण्यात जायला त्या वेळी दूधवाल्याच्या टेम्पोशिवाय काही मिळालं नव्हतं मला. मागे दुधाच्या कॅनांवर बसून गेले होते.