बोटीवर पहिल्यांदाच चाललोय, तर…

प्रश्न : मुलाने आम्हा दोघांसाठी मुंबई-गोवा क्रूझ ठरवलीय, आता फक्त कॅबिन निवडायचीय. हिला एसटीतसुद्धा लागतं, कन्नडचा घाट आला की पिशवी हातात, शिवाय बीपीच्या गोळ्या चालू आहेत. मुलगा म्हणतो बाल्कनीची कॅबिन घेऊ, हवा लागली की बरं वाटेल. आम्ही माळकरी, तर खायचं काय आणि घरून न्यायचं काय? — एक वाचक, फैजपूर

उत्तर : काका, आधी ते बाल्कनीचं डोक्यातून काढा. बाल्कनीवाल्या कॅबिन बहुतेक वरच्या मजल्यांवर असतात आणि जहाज डोलायला लागलं की सगळ्यात जास्त हलतं ते वरचं आणि पुढचं-मागचं टोक, सी-सॉच्या मध्यावर बसलेल्याला काही होत नाही आणि टोकावरचा वरखाली होतो, तसंच. म्हणून खालच्या डेकवरची, जहाजाच्या मधोमधची कॅबिन मागा, खिडकीची मिळाली तर उत्तमच. बुकिंग करताना मुलाला डेक प्लॅन, म्हणजे मजल्यांचा नकाशा, उघडून नंबर बघायला सांगा, 'कोणतीही द्या' म्हटलं की हमखास टोकाची मिळते. गंमत म्हणजे ही कॅबिन स्वस्त पण असते, मुलाचे पैसे वाचतील.

आता काकूंचं. मळमळ पोटामुळे सुरूच होत नाही, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण हलतोय आणि डोळ्यांना समोर कॅबिनची भिंत स्थिर दिसते, त्या गोंधळाने होतं सगळं. म्हणून मळमळलं की कॅबिनमध्ये पडून राहायचं नाही, मोबाईल तर बघायचाच नाही, वर डेकवर मोकळ्या हवेत जाऊन लांब, पाणी आणि आभाळ जिथे टेकतं तिकडे बघत बसायचं. पोट रिकामं ठेवू नका, थोडं थोडं कोरडं खा, आल्याचा तुकडा तोंडात धरा. एसटीत घेतात त्या गोळ्या इथेही चालतात, पण त्या निघायच्या तासभर आधी घ्यायच्या असतात, उलटी सुरू झाल्यावर घेऊन काय उपयोग? त्यांनी झोप येते आणि काकूंना बीपीचं औषध चालू आहे, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. तसं आजकालच्या मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन बाजूंना पंख असतात, ते डोलणं बरंच कमी करतात, आणि थंडीत अरबी समुद्र शांतही असतो. दिवाळीनंतरची तारीख घ्या, पावसाळ्याच्या तोंडावरची नको.

खायची काळजी सोडा. मुंबईहून निघणाऱ्या जहाजावर शाकाहारी भरपूर असतं, जैन पण मिळतं. चव मात्र आपल्यासारखी झणझणीत नाही, शेवभाजीची आस धरून जाऊ नका. घरून भरीत-पुरीचा डबा नेऊ नका, बाहेरचं अन्न चढताना अडवतात. इस्त्री, पाण्याची किटली, एक्स्टेन्शन बोर्ड हेही काढून घेतात, आगीच्या भीतीने.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो. मोठ्या बॅगा चढायच्या आधीच तुमच्याकडून घेतात आणि कॅबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होऊ शकते. त्यामुळे बीपीच्या गोळ्या, आधार कार्ड, चष्मा, एक जोडी कपडे हातातल्या पिशवीतच ठेवा. बॅगेत गोळ्या टाकून मग संध्याकाळभर कॅबिनच्या दारात वाट बघत बसणारी माणसं लई असतात भो!

आणि भुसावळहून रात्रीच्या गाडीने निघून सकाळी सीएसएमटीला उतरून तसंच बंदरावर, असला हिशोब करू नका. बंदर स्टेशनपासून जवळच आहे हे खरं, पण गाडी चार तास लेट झाली तर? चेक-इन जहाज सुटायच्या बरंच आधी बंद होतं. एक दिवस आधी जा, कुणा नातेवाईकाकडे मुक्काम करा.

चढल्यावर सुरक्षेची ड्रिल असते, म्हणजे संकटात काय करायचं त्याची तालीम, तिचा इशारा सात छोटे भोंगे आणि एक लांब. लोक तेव्हा बुफेच्या रांगेत असतात. २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया नावाची क्रूझ बोट बुडाली, ३२ जण गेले, आणि त्याच दिवशी चढलेल्या बऱ्याच प्रवाशांची ड्रिल झालीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला, २०१५ पासून ड्रिल जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या घ्यावीच लागते. काकूंना घेऊन जा, लाइफ जॅकेट कसं बांधायचं ते नीट बघा.

प्रश्न : सून पाच महिन्यांची गरोदर आहे, तिला नेता येईल का? — एक वाचक, धुळे

उत्तर : ताई, बहुतेक कंपन्या प्रवास संपेपर्यंत २४ आठवडे पूर्ण होत असतील तर चढू देत नाहीत, आणि ते आठवडे निघायच्या दिवशी नाही, परतायच्या दिवशी मोजतात. पाच महिने म्हणजे अगदी काठावर. डॉक्टरांचं पत्र लागेलच. मला विचाराल तर बाळ झाल्यावर जा, पण तेही लगेच नाही, सहा महिन्यांच्या आतलं बाळ पण बहुतेक जहाजांवर घेत नाहीत.

प्रश्न : मोबाईलला रेंज असते का? — एक वाचक, नंदुरबार

उत्तर : किनारा सुटला की जाते. पण जहाजाचं स्वतःचं नेटवर्क असतं तिथे फोन आपोआप जोडला जातो आणि मग बिल बघून डोळे पांढरे होतात. म्हणून निघतानाच फ्लाइट मोड. वायफाय लागलं तर पॅकेज विकत मिळतं. जहाजावर रोख चालत नाही, खोलीच्या चावीचं जे कार्ड देतात त्यावरच सगळा खर्च चढतो, तर पोरांच्या हातात ते कार्ड देताना जपून, आणि उतरायच्या आदल्या रात्री रिसेप्शनवर जाऊन हिशोब एकदा बघून घ्या.