विचारा, सांगते : उरलेल्या गोळ्या युगांडाला नकोत

प्रश्न : माझी सून इंदूरच्या एका खासगी इस्पितळात ओटी (ऑपरेशन थिएटर) नर्स आहे. डॉक्टरांच्या एका स्वयंसेवी पथकाबरोबर ती दोन आठवडे युगांडातल्या एका जिल्हा रुग्णालयात चालली आहे. आमच्या महिला मंडळानं घरोघरची उरलेली औषधं आणि एक जुनं सक्शन मशीन (रक्त, कफ ओढून घेणारं) तिच्याबरोबर द्यायचं ठरवलंय. आणखी काय द्यावं? तिनं स्वतःची काय काळजी घ्यावी?
— एक सासूबाई, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : ताई, सुनेचं कौतुक आहे. मंडळाला मात्र आधी थांबवा.

उरलेल्या गोळ्या अजिबात नकोत. कापलेल्या पट्टीवर कधी नाव नसतं, कधी तारीख. जागतिक आरोग्य संघटनेनं औषधदानाचे नियम 1996 सालीच घालून दिलेत : रुग्णांनी परत केलेल्या गोळ्या चालत नाहीत, डॉक्टरांना मिळालेली फुकट सँपलं चालत नाहीत, आणि माल तिथे पोचेल तेव्हा निदान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी. नाहीतर तिथली फार्मासिस्ट काम सोडून तुमच्या पिशव्या निवडत बसणार, आणि बाद गोळ्या जाळायचा खर्चही त्यांच्याच माथी.

सक्शन मशीनचंही तेच. वीज तिथे 240 व्होल्टची, ती अडचण नाही. पिना तेवढ्या चपट्या, त्याला अडॅप्टर मिळतो. पण बरणीच्या झाकणाचं वॉशर गेलं, तर ते आणायचं कुठून? मी नोकरी केली तिथे परदेशातून दान आलेलं भुलीचं मशीन होतं. त्याचा एक सुटा भाग इथे मिळेना, म्हणून ते कॉरिडॉरमध्ये उभं राहिलं, आणि आम्ही त्यावर चादरींच्या घड्या ठेवायचो. जिथे वीज जाते तिथे पायानं चालवायचं सक्शन कधीही बरं. तेही त्यांनी मागितलं तर! सुनेला सांगा, तिथल्या थिएटर इन्चार्ज सिस्टरला व्हॉट्सॲपवर सरळ विचार, काय कमी पडतं? मंडळानं पैसे द्यावेत. कंपालात, म्हणजे तिथल्या राजधानीत, मिळणारी वस्तू तिथेच घेतलेली चांगली, बिघडली तर दुरुस्तीही तिथेच होते.

आता खरं काम. पथकाची मंडळी किती ऑपरेशनं झाली ते मोजतात. मी पाचव्या दिवशी टाक्यातून पू आला तर कोण बघणार, ते विचारते. मोठी ऑपरेशनं पहिल्या आठवड्यात लावा, शेवटच्या दोन दिवसांत नको, आणि प्रत्येक केसला तिथला डॉक्टर हात धुऊन टेबलाशी हवा, हे सुनेनं निघण्याआधीच पथकप्रमुखांना म्हणावं. नर्सनं कसं सांगायचं, असं तिला वाटेल. सांगावं.

तिथल्या सिस्टर अडाणी नाहीत, थोडक्यात भागवायचं कसं ते त्यांना आपल्याहून जास्त ठाऊक. त्यांची कपाटं लावायला जाऊ नये. कपडे आणि मॉप (रक्त टिपायची कापडं) वाफेनं निर्जंतुक करायचे ड्रम मात्र त्यांच्या बरोबरीनं भरावेत. ड्रम ठासून भरला की बाहेरच्या टेपवर वाफ लागल्याचे काळे पट्टे छान उमटतात आणि मधल्या मॉपपर्यंत वाफ गेलेलीच नसते. ते उघडून दाखवलं की पटतं. मॉपची मोजणी मोठ्यानं, दोघींनी मिळून, पोट शिवण्याआधी. ऑपरेशनआधीची 19 मुद्द्यांची तपासयादी 2008 साली आली, तिची चाचणी आठ शहरांतल्या इस्पितळांत झाली होती. त्यांत आपली दिल्ली होती आणि युगांडाशेजारच्या टांझानियातलं इफाकाराही. तेव्हा ‘आम्ही तुम्हाला शिकवायला आलो’ हा सूर नको.

कागदपत्रं आजच सुरू करा. दुसऱ्या देशात रुग्णाला हात लावायचा तर तिथल्या नर्सिंग कौन्सिलची तात्पुरती परवानगी लागते, आणि त्यासाठीचे इथले दाखले वेळ खातात. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच मिळते. ती घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो, मग जन्मभर चालतो. तो नसेल तर परतल्यावर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून. डॉक्सिसायक्लिन दिली तर परतल्यावरही चार आठवडे घ्यायची. इथेच सगळे कंटाळा करतात.

परत आल्यावर तीन महिन्यांत ताप आला, तर ‘व्हायरल असेल’ म्हणून काढा देत बसू नका, ताई. त्याच दिवशी रक्त तपासा आणि ती युगांडाहून आलीय हे डॉक्टरांना आधी सांगा.