एजन्सीमार्फत एस्कॉर्टचं काम सुरू करताना सुरक्षित कसं राहायचं?

मुंबईतल्या एजन्सीने तुमच्याकडे नोंदणी फी आणि आधार कार्ड मागितलंय, असं तुम्ही लिहिलंय. फी अजिबात भरू नका. काम देण्याआधी पैसे मागणारे बहुतेक ठगच असतात. भरले असतील तर आत्ताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

प्रौढ व्यक्तीने स्वखुशीने, खासगीत केलेलं हे काम भारतात गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये पोलिसांना बजावलंय, की छाप्यात अशा स्त्रियांना अटक करू नये, छळू नये. मात्र १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याने दलाली गुन्हाच आहे. त्यामुळे एजन्सीशी केलेल्या कराराच्या भरवशावर राहू नका, तो कोर्टात टिकणार नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी उचलीची वाटते. एकदा उचल घेतली की ती फिटतच नाही, व्याज आणि 'दंड' वाढत राहतो. मूळ कागदपत्रं आणि खासगी फोटोही देऊ नका. काम सोडायचं म्हटलं की त्यांचाच धाक दाखवतात. गिऱ्हाईक नाकारायची मोकळीक नसेल तर तिथे जाऊच नका.

प्रत्येक वेळी हॉटेल, खोली आणि परतायची वेळ विश्वासातल्या मैत्रिणीला कळवा. वेळेत फोन आला नाही तर तिने ११२ लावायचा, हे आधीच ठरवा. कंडोम स्वतःचा न्या. फाटला तर ७२ तासांच्या आत, शक्यतो लगेच, सरकारी रुग्णालयात एचआयव्ही टाळण्याची औषधं मागा. मोफत वकिलासाठी १५१०० आहे. पुण्यातला सहेली संघ आणि सांगलीची संग्राम या संस्था या कामातल्या बायकांसोबतच काम करतात, त्यांच्याशी निःसंकोच बोला.