कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये धूळ जाऊ नये आणि हवाही अडू नये, यासाठी काय करावे?

तुम्ही लिहिलंय की खोली रस्त्याला लागून आहे, महिन्याभरात कॅबिनेटमध्ये धुळीचा थर बसतो, म्हणून समोरच्या जाळीवर जुन्या सुती साडीचा तुकडा ताणून लावलात. आता व्हिडिओ एडिट करताना प्रोसेसर नव्वद अंशांच्या पुढे जातो, आणि एवढं करून यूएसबीच्या खाचांपाशी धूळ आहेच.

आधी ती साडी काढा. कॅबिनेटच्या पंख्यात दम फार नसतो. १२० मिलिमीटरचा साधा पंखा जास्तीत जास्त जोर लावून पाण्याची पातळी एक ते तीन मिलिमीटर उचलेल एवढाच दाब देतो, बस. घट्ट विणीच्या कापडातून हवा ओढणं त्याच्या आवाक्यातलं नाही. मग तो नुसता गरगरतो आणि आवाज करतो.

माझं ऑफिस इचलकरंजीत आहे, भिंतीपलीकडे यंत्रमाग. रस्त्याची धूळ परवडली, पण सुताचे बारीक तंतू हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता शोषून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांत अडकतात आणि त्यांची चक्क वाकळ तयार होते. पहिल्या वर्षी मीही तुमच्यासारखंच केलं होतं, फक्त साडीऐवजी स्पंज. त्यामुळे हे अनुभवाने सांगतोय.

खरी गोम अशी आहे. आपल्याकडच्या स्वस्त कॅबिनेटमध्ये बहुतेकदा मागे एकच पंखा असतो आणि तो हवा बाहेर फेकतो. पॉवर सप्लाय वरच्या बाजूला बसवलेला असेल तर तोही आतली हवा ओढून बाहेरच टाकतो. म्हणजे बाहेर काढणारे दोन आणि आत आणणारा कोणीच नाही. आतला दाब बाहेरपेक्षा कमी झाला की हवा मिळेल त्या फटीतून शिरते: यूएसबीची खाच, डीव्हीडी ड्राइव्हची जागा, मागच्या उघड्या पट्ट्या (कार्डं बसतात त्या खाचा). तुम्ही पुढची जाळी बंद केलीत तेव्हा हवेने या वाटा धरल्या, आणि तिथे गाळणी कुठली असणार?

म्हणून गणित उलटं करायचं. पुढून दोन पंखे हवा आत घेणारे, त्यांच्यापुढे गाळणी, आणि मागचा एकच पंखा, तोही जरा हळू. आत हवा किंचित जास्त कोंडली की प्रत्येक फटीतून ती बाहेर पडत राहते आणि धुळीला आत यायला गाळणीशिवाय दुसरी वाट उरत नाही. नुसते पंखे मोजून मात्र फसू नका. गाळणीमुळे पुढच्या पंख्यांची हवा घटते, त्यामुळे पुढे एक आणि मागे एक अशी बरोबरी ही खरं तर बरोबरी नसते. मागच्या पंख्याचा वेग बायोसमधून (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमधून) कमी करता येतो. ग्राफिक्स कार्डाचे पंखे बहुधा आतल्या आतच हवा फिरवतात, ते या हिशेबात धरू नका.

जमलं की नाही हे बघायला उदबत्ती पुरे. कॅबिनेट बंद, मशीन चालू, आणि धूर एकेका फटीजवळ धरा (राख आत पडू देऊ नका). धूर आत ओढला गेला तर दाब अजून कमी आहे, बाहेर ढकलला गेला तर काम झालं. मागच्या उघड्या पट्ट्यांना झाकणं बसवा. रिपेअरवाले कार्ड काढताना ती फेकून देतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

गाळणी घ्यायची ती चुंबकाच्या कडेची, बारीक नायलॉन जाळीची. डोळ्यासमोर धरल्यावर पलीकडचं दिसलं पाहिजे. मच्छरदाणीची जाळी तंतू अडवते, रस्त्याची बारीक धूळ नाही. आणि एक गोष्ट फार कमी लोक करतात: गाळणी पंख्याला चिकटवून लावण्याऐवजी शक्य तितकी मोठी, पुढच्या पूर्ण तोंडावर आणि पंख्यापासून बोटभर लांब लावा. क्षेत्रफळ दुप्पट झालं की जाळीतून जाणाऱ्या हवेचा वेग निम्मा होतो आणि अडथळाही तसाच घटतो. लावण्याआधी आणि नंतर, तेच काम अर्धा तास चालवून तापमान बघा. माझ्याकडे दोन-तीन अंशांचाच फरक पडला. दहा-बारा पडला तर जाळी फार घट्ट आहे किंवा तुंबली आहे. मी दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुतो आणि पूर्ण वाळल्यावरच लावतो.

जागेचं म्हणाल तर कॉम्प्युटर टेबलात ‘सीपीयू’साठी जो खालचा कप्पा असतो, तो बनवणाऱ्याला माझा नमस्कार. तिन्ही बाजू बंद, शिवाय जमिनीलगत, म्हणजे झाडू मारताना उडालेला केर थेट समोर आणि मागची गरम हवा फिरून पुन्हा पुढे. कॅबिनेट वीतभर उंच स्टुलावर ठेवा, मागे भिंतीपासून चार-सहा इंच सोडा, आणि केर काढताना मशीन बंद ठेवा. टीव्ही-मिक्सरला कव्हर शिवायची आपली जुनी सवय आहे, इथेही चालेल, पण मशीन बंद करून गार झाल्यावरच.

एवढं करूनही वर्षातून एक-दोनदा कॅबिनेट उघडावं लागेलच. प्लग काढा, गॅलरीत न्या आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा ब्लोअर लांबून मारा. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती बेफाम फिरतात आणि बेअरिंगची वाट लागते. हीटसिंकवर पंख्याच्या उलट दिशेने हवा मारा, म्हणजे वाकळ आत दाबली न जाता सुटून येते. घरचा व्हॅक्यूम क्लीनर मदरबोर्डाला लावू नका. त्याच्या प्लास्टिकच्या तोंडावर स्थिर विद्युतभार साठतो. बाहेरच्या जाळीसाठी खुशाल वापरा. ही सफाई पावसाळ्याच्या तोंडावर केलेली बरी, कारण ओल धरलेली धूळ बोर्डावर चिकटून बसते आणि धातू गंजवते.

उदबत्ती लावून बघा आणि धूर कुठे आत जातो ते इथेच लिहा. कॅबिनेटचा पुढून आणि मागून एकेक फोटोही टाका, म्हणजे तुम्हाला पंखे नवे घ्यावे लागतील की आहेत तेच फिरवून बसवता येतील ते सांगता येईल.